इस्त्री अजिबात नको

अंबाजोगाईच्या दादा, आजोबांच्या ट्रंकेतल्या निजामी नोटांना इस्त्री करून विकू म्हणताय, ते आधी थांबवा. घडी दाबली जाते, मोडलेले तंतू जुळत नाहीत. जाणकार नोट उजेडासमोर तिरकी धरतो, की रेघ दिसलीच! मधली एक घडी असली तरी संग्राहकांच्या लेखी नोट 'कोरी', म्हणजे न वापरलेली, राहत नाही. टाचणीची भोकं चालतात, सेलोटेप मात्र भाव पाडतो.

निजामाच्या हैदराबाद संस्थानच्या या नोटा १९१८ पासूनच्या, मराठी मजकूरही असतो. सही बघा: गुलाम मुहम्मद यांची असली तर हेच पुढे पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले. ऑनलाइन मागितलेले लाखाचे आकडे सोडा, लिलावात प्रत्यक्ष विकलेला भाव धरा. तोवर पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका.