लोखंडी रंध्याची मूठ तुटली: जोडावी का नवी करावी?

मंडळी, मदत हवी आहे. आजोबांच्या लोखंडी रंध्याची मागची शिसवी मूठ मधोमध तिरकी तुटलीय. भेग जुनी, आत तेल-मळ मुरलेला. थिनरनं पुसून फेविकॉल धरंल का, का इपॉक्सीच पाहिजे? वाकड्या मुठीला शिकंजा बसत नाही, म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायचा विचार आहे. पण आरपार बोल्टाच्या भोकात इपॉक्सी उतरलं तर पंचाईत! बोल्टाला मेण लावून तो आतच ठेवावा का?

आमच्या लातूरच्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, बोल्ट ढिला पडतो न् मूठ हलून चिरते, असा माझा अंदाज. नवी करायचीच झाली तर लाकडाच्या रेषा (तंतूंची दिशा) रंध्याच्या तळाला समांतर ठेवीन. सुतारमामा सागवान म्हणतात, माझं मन बाभळीवर. कुणी बाभळीची मूठ वापरलीय का?