रिझर्व्हॉयरवाली निब: आधी डबकं, मग कोरडी. आणि साफ कशी करायची?

कित्ता_गिरवा
मिचेल राउंड हँड, २ नंबरची कॅलिग्राफीची रुंद टोकाची निब, तिला खालून सरकवून बसवायचा पितळी रिझर्व्हॉयर (शाई साठवणारा छोटा पत्रा). दौतीत बुडवून लिहायला घेतलं की पहिल्याच उभ्या रेघेत शाईचं डबकं होतं. पुढची दोन-तीन अक्षरं छान येतात आणि मग निब कोरडी. रिझर्व्हॉयरमध्ये मात्र शाई दिसत असते! नवी निब साबणाने घासून घेतली आहे. शाई वॉटरप्रूफ इंडिया इंक.
शिवाय निब आणि रिझर्व्हॉयर यांच्यामध्ये काळी खपली धरली आहे, पाण्याने हलत नाही. रिझर्व्हॉयर दर वेळी काढायचा असतो का?

तिरपा_काप
डबकं आणि कोरडेपणा ही दोन वेगळी दुखणी आहेत.

कोरडेपणा आधी. रिझर्व्हॉयरला दोन कान असतात, ते निबेला दोन्ही बाजूंनी धरतात. पुढची निमुळती जीभ निबेच्या पोटाला, म्हणजे खालच्या बाजूला, टेकते. शाई त्या टेकलेल्या जागेतून निबेच्या मधल्या चिरेत ओढली जाते आणि चिरेतून कागदावर येते. जीभ अर्धा मिलिमीटर जरी अधांतरी राहिली, तरी मागे साठलेल्या शाईला पुढे यायला वाटच राहत नाही. उलट जीभ जोरात दाबून बसली तर चीर फाकते, आणि फाकलेल्या चिरेत शाई ओढली जात नाही. दोन्हीत लक्षण तेच: टाकी भरलेली, टोक कोरडं.

निब धुऊन पुसा, रिझर्व्हॉयर बसवा आणि उजेडासमोर धरा. चिरेतून प्रकाशाची रेघ दिसली तर पकड घट्ट आहे. निब आडवी धरून बाजूने पाहा: जीभ आणि पोट यांच्यात फट दिसली तर जीभ नखाने किंचित वर उचला. जिभेचं टोक लिहिण्याच्या कडेपासून साधारण २ मिमी मागे आणि बरोबर चिरेवर हवं. १ मिमीच्या आत आलं की बारीक रेघा जाड होतात. चिरेच्या एका बाजूला सरकलं तर रुंद रेघेची एकच कड भरते, दुसरी खरखरीत राहते.

घट्ट असेल तर कान बारीक टोकाच्या पकडीने फाकवा, पण अगदी केसभर. नखाने ढकलल्यावर सरकेल आणि टाक झटकल्यावर पडणार नाही, एवढीच पकड हवी.

आता डबकं. बुडवल्यावर निबेच्या पाठीवरही शाई चढते आणि पहिल्या रेघेत सगळी एकदम उतरते. बुडवू नका. ब्रशने किंवा ड्रॉपरने बाजूने, जीभ आणि पोट यांच्यामध्ये १-२ थेंब सोडा, पाठ कोरडी ठेवा. पहिली रेघ रद्दी कागदावर. आणि सपाट टेबलावर टाक उभा धरला जातो, शाई जास्त वेगाने येते. लिहायचा पाट ३०-४५ अंश तिरका केला की टाक आडवा होतो, प्रवाह आपोआप आवरतो.

डाग_धुणारी
साफसफाईचं मी सांगते. हो, रिझर्व्हॉयर दर बैठकीनंतर काढायचाच. आधी निब होल्डरमधून काढा, मग रिझर्व्हॉयर सरकवून सोडवा. ओढून वाकवू नका, नाहीतर वर सांगितलेली सगळी जुळणी पुन्हा करावी लागेल. होल्डर पाण्यात बुडवायचा नाही, आतली पत्र्याची खोबण गंजते.

जुन्या मऊ टूथब्रशने घासताना दिशा नेहमी खांद्याकडून कडेकडे. उलट घासलं तर केस चिरेत अडकून निबेच्या फाका वर-खाली होतात. मग कापडाने पुसा आणि दोन्ही भाग सुटेच वाळवा. ओली निब डबीत बंद केली की सकाळी गंज ठरलेला.

तुमची खपली पाण्याने हलणार नाही, कारण अशा बहुतेक शायांत शेलॅक (लाखेची राळ) असतं. ओली असेपर्यंतच ती पाण्याला दाद देते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये १०-१५ मिनिटं ठेवा, मग ब्रश. अॅक्रिलिक शाईलाही हेच, तिची पापडी सुटून येते. गुआश (अपारदर्शक जलरंग) डिंकावर बांधलेला असतो, त्याला कोमट पाणी पुरतं. आयर्न गॉल शाई आम्लधर्मी असते, ती पोलाद खाते, म्हणून ती पाच मिनिटंही निबेवर ठेवू नका.

वॉटरप्रूफ शाई किंवा अॅक्रिलिक वापरताना दर १०-१५ मिनिटांनी निब पाण्यात खळबळून पुसायची. जिभेखालचा थर ओला असताना निघतो, वाळला की मागाहून अर्धा तास घालवावा लागतो.

रेघोट्या
शेलॅकला पातळ अमोनियाही चालतो, काचा पुसायच्या द्रावणातला. आणि नव्या निबेचं तेल काढायला साबणापेक्षा काडीची ज्योत बरी.

डाग_धुणारी
अमोनिया पोलादी निबेला चालेल, पितळी रिझर्व्हॉयरला नाही. तो पितळातलं तांबं विरघळवतो, पाणी निळसर दिसायला लागलं की समजा. शिवाय कान जिथे वाकवलेले असतात नेमका तिथेच पितळाला तडा जातो.

ज्योतीचं म्हणाल तर निबेवर निळी-जांभळी झाक आली की पोलादाचं पाणी उतरलं, निब कायमची मऊ पडली. सेकंदभराचा फरक असतो, तो कोण मोजत बसणार? भांड्यांचा साबण किंवा टूथपेस्ट पुरे. पाण्यात बुडवून काढा: पाणी थेंबाथेंबाने गोळा झालं तर तेल आहे, सलग पसरलं तर गेलं.

कित्ता_गिरवा
उजेडासमोर धरलं, चिरेतून रेघ स्पष्ट दिसली. कान फाकवले, आता शाई सलग येते. पण दोन ओळींनंतर रिझर्व्हॉयर हळूहळू मागे सरकतो. खपली अल्कोहोलने निघाली. ब्राउज आणि स्पीडबॉलच्या निबेलाही हेच नियम का?

तिरपा_काप
जरा जास्त फाकले गेले. दोन्ही कान पुन्हा दाबू नका, एकच थोडासा आत घ्या आणि परत उजेडासमोर तपासा. चीर बंद दिसेपर्यंत असंच, एका वेळी एक कान.

ब्राउज बँडझूग आणि स्पीडबॉल सी यांचा रिझर्व्हॉयर निबेच्या पाठीवर असतो. शाई भरायची ती पाठ आणि पत्रा यांच्यामध्ये. पत्रा न उचकटता साफ करायचा, जोरात वर ओढलात तर तो पुन्हा नीट टेकत नाही. पातळ कागदाची पट्टी भिजवून फटीतून ओढून घ्या, दोन-तीनदा, पट्टी स्वच्छ निघेपर्यंत. आणि नंबरांची गफलत करू नका: मिचेल नि स्पीडबॉलमध्ये नंबर वाढला की निब बारीक होते, ब्राउजवरचा आकडा थेट मिलिमीटरमधली रुंदी असतो.