पोलिसांच्या गाडीचे रूप: आधार वाटावा की धास्ती?

दादरकर:
शिवाजी पार्कच्या कट्ट्याजवळ संध्याकाळी गस्तीची पांढरी गाडी उभी असली, की आमच्या इमारतीतील ज्येष्ठ मंडळींना हायसे वाटते; तीच गाडी सोसायटीच्या फाटकाशी थांबली, की हीच मंडळी गॅलरीत येऊन ‘काय भानगड झाली?’ म्हणून चौकशी करू लागतात. खिडक्यांना जाळ्या असलेली मोठी व्हॅन आली, तर लहान मुले आईला बिलगतात. रंग, दिवे आणि जाळ्या यांत बदल केल्यास ही धास्ती कमी होईल का? जाणकारांनी कृपया मत मांडावे.

गिरगाव_रहिवासी:
ताई, जाळी काढता येणार नाही. बंदोबस्तात दगडफेक झाली, तर आतल्या शिपायांना तिचाच आडोसा असतो. मात्र रोजच्या गस्तीची गाडी बंदोबस्ताच्या गाडीसारखी दिसण्याचे कारण नाही. ब्रिटनमध्ये 1990च्या दशकात महामार्गावर लांबून दिसावे म्हणून पोलिसांच्या गाड्यांवर निळ्या-पिवळ्या चौकटींचे परावर्तक पट्टे आले. आपल्याकडे वाहने एकमेकांना खेटून चालतात. त्यामुळे लांबून दिसण्याइतकेच जवळून आपलेसे वाटणेही महत्त्वाचे आहे.

सानपाडा_ते_सीएसएमटी:
माझ्या मते रंगापेक्षा दिव्यांचा परिणाम मोठा आहे. 1 मे 2017पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरील लाल दिवे गेले, पण त्याआधी कित्येक वर्षे चमकता दिवा म्हणजे ‘कोणी बडे येत आहे, बाजूला व्हा’ एवढाच अर्थ लोकांच्या मनात ठसला होता. आता नाक्यावर नुसत्या उभ्या असलेल्या गाडीचे दिवेही तासन्‌तास लखलखत राहिले, तर नवख्या माणसाला काहीतरी अघटित घडल्याची शंका येते आणि रोज जाणाऱ्याचे लक्षच उडते; मग खरोखर घाईची वेळ येते, तेव्हा वाट कोण देणार? अमेरिकेतील काही शहरांत गस्तीच्या वेळी दिवे मंद आणि स्थिर ठेवतात. ही पद्धत येथेही वापरून पाहावी, असे मला मनापासून वाटते.

माहीम_कोळीवाडा:
वरील दोन्ही मते मान्य आहेत, परंतु केवळ रूपावर भिस्त ठेवू नये. 26 नोव्हेंबर 2008च्या रात्री कामा रुग्णालयाजवळ बळकावलेल्या पोलिसांच्याच क्वालिसमधून दहशतवाद्यांनी मेट्रो चौकात गोळीबार केला होता, हे मुंबईकर विसरलेला नाही. म्हणून गाडी कोणत्या ठाण्याची आहे, ते दोन्ही बाजूंना ठळक मराठी अक्षरांत लिहिलेले असावे. शंका आल्यास 112वर फोन करून खातरजमा करता येईल. सोसायटीत गाडी येते, तेव्हा काच खाली करून ‘नेहमीची फेरी आहे’ एवढे जरी वॉचमनला सांगितले, तरी गॅलऱ्यांतली गर्दी ओसरेल. दादरकर ताई, आपल्या विभागाच्या मोहल्ला समितीच्या बैठकीत या दोन्ही मागण्या लेखी द्याव्यात. ठाण्याचे अधिकारी तेथे असतील, तर थेट बोलताही येईल.