शेवरले कॉर्व्हेट सी-४ (१९८४-९६): कोणत्या वर्षाची गाडी बघावी?

प्रश्न
सी-४ (कॉर्व्हेटची चौथी पिढी) मधली मॅन्युअल गिअरची गाडी शोधतोय. १९८३ चं मॉडेल कुठेच कसं दिसत नाही? आणि १९८४ च्या गाडीत नेमकी गोम काय?

प्रतिसाद १
१९८३ चं मॉडेल विकलंच गेलं नाही. सी-४ ला उशीर झाला. चाचणीच्या ४३ गाड्यांपैकी एकच उरली, ती केंटकीत बोलिंग ग्रीनच्या कॉर्व्हेट संग्रहालयात आहे. विक्रीला आली ती थेट १९८४ ची म्हणून. कागदांवर भिस्त ठेवू नका. काचेतून दिसणाऱ्या व्हीआयएनचं (गाडीच्या ओळख क्रमांकाचं) दहावं अक्षर बघा: ई म्हणजे १९८४, एफ १९८५, एन १९९२, एस १९९५.

१९८४ ला क्रॉस-फायर इंजेक्शन आहे, २०५ अश्वशक्ती. त्याच्या दोन थ्रॉटल बॉडींचा (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपांचा) मेळ बिघडला की आयडलिंग वरखाली होतं. १९८५ पासून प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर आणि २३० अश्वशक्ती. शिवाय १९८४ चं सस्पेन्शन अंग खिळखिळं करतं, पुढच्या वर्षी स्प्रिंगा मऊ केल्या.

प्रतिसाद २
मॅन्युअल हवी तर १९८९ च्या पुढचीच बघा, तिला झेडएफचा सहा गिअरचा बॉक्स आहे. १९८८ पर्यंत ‘४+३’ होता: चार गिअर आणि वरच्या तिन्हींना ओव्हरड्राइव्ह (इंजिनचे फेरे कमी करणारा जादा गिअर). त्याची दोन तेलं वेगळी, गिअरबॉक्समध्ये गिअर ऑइल आणि ओव्हरड्राइव्हमध्ये ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं. एक बदलून दुसरं विसरलेल्या गाड्या पुष्कळ.

प्रश्नकर्ता
मग १९९२ ची, एलटी-१ इंजिनची गाडी कशी? ३०० अश्वशक्ती आहे.

प्रतिसाद ३
इंजिन उत्तम, दुखणं ऑप्टिस्पार्कचं. हा डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरांना ठिणगी वाटून देणारा भाग) इंजिनच्या पुढच्या तोंडाला, बरोबर वॉटर पंपाखाली बसवलाय. पंपाचं सील गेलं की कूलंट थेट त्याच्यावर ठिबकतं आणि गाडी मिसफायर करते. टॉर्च घेऊन पंपाच्या खालच्या भोकाशी ओघळ आहे का बघा. ओघळ असेल तर पंप आणि ऑप्टिस्पार्क एकदमच बदला, कारण ऑप्टिस्पार्कला हात घालायला पंप काढावाच लागतो.

पार्ट मागवताना वर्ष सांगा. कॉर्व्हेटच्या ऑप्टिस्पार्कला १९९४ पर्यंत उभ्या खाचांचा (स्प्लाइन) शाफ्ट आणि बंद डबी, १९९५ पासून पिनवर फिरणारा आणि हवा खेळती ठेवणारा. एकाच्या जागी दुसरा सरळ बसत नाही. नंतर कूलंट भरताना थर्मोस्टॅटच्या घरावरचा ब्लीड स्क्रू सैल ठेवा, बुडबुडे थांबून सलग धार आली की आवळा.