चावलेलं कुत्र्याचं पिल्लू मेलं. रेबीजची लस चालू आहे, सिरमही घ्यायलाच लागेल का?

माणदेशची_सून (गुरुवार, रात्री)
सोमवारी माझ्या मुलाच्या (वय ७) उजव्या करंगळीला गोठ्यामागचं पिल्लू चावलं. जेमतेम दोन महिन्यांचं, पण दात सुईसारखे. दोन थेंब रक्त आलं. मी रानात होते. सासूबाईंनी तिखट-तेल भरून चिंधी बांधली. संध्याकाळी मी चिंधी सोडून साबण लावून मोरीत नळाखाली धुतलं, तर तिखटानं लेकरू बोंबललं. मंगळवारी आरोग्य केंद्रात दोन्ही दंडांवर लस टोचली, फुकट. डॉक्टर म्हणाले, सिरम इथं नाही, जिल्ह्याला जा. जाऊन-येऊन दिवस मोडतो, आणि ह्यांचं म्हणणं, एवढ्याशा पिल्लाला कसला रोग! म्हणून राहिलं. काल पिल्लू नुसतं लाळ गाळत बसलं होतं, आज सकाळी मेलेलं सापडलं. सासूबाई म्हणतात जिल्ह्याला पोटात चौदा सुया देतात. काय करू?

जुनी_नर्स
उद्या पहिल्या एसटीनं निघा. रक्त आलंय म्हणजे तिसऱ्या, सगळ्यात गंभीर श्रेणीची जखम, लसीबरोबर सिरम लागतंच. लसीनं अंगात ताकद तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात. सिरम म्हणजे आयती ताकद, थेट जखमेत भरतात. विषाणू नसांवाटे मेंदूकडे सरकतो आणि बोटात नसा दाट. पहिल्या लसीपासून सात दिवसांतच सिरम देतात, नंतर नाही. तुमच्या हातात मंगळवारपर्यंत वेळ आहे, पण तेवढी वाट बघू नका. उद्या लसीचा दुसरा डोसही आहे, केसपेपर विसरू नका. पोटातली लस २००४-०५ मध्येच बंद झाली, सासूबाईंना सांगा.

बाभूळगावकर
आमच्याकडे एक बाबा मंतरलेला गूळ देतो. कुणाला काही झालेलं नाही.

जुनी_नर्स
चावणारं प्रत्येक कुत्रं पिसाळलेलं नसतं, म्हणून बाबाचं नाव होतं. लक्षणं दिसल्यावर गूळही नाही आणि आमच्याकडेही औषध नाही.

शेळीवाला
कुत्रं दहा दिवस ठणठणीत राहिलं तर घाबरायचं कारण नसतं. तुमचं तर तीन दिवसांत गेलं. पुरलं कुणी? उघड्या हातांनी?

माणदेशची_सून (शुक्रवार, रात्री)
जाऊन आलो. आधी पोराचं वजन केलं, सिरम किलोवर मोजून देतात म्हणे. मग करंगळीच्या भोवती बारीक सुईनं भरलं. बोट पांढरं पडून टम्म फुगलं. मी डोकं धरलं, ह्यांनी पाय धरले. दंडावरची लस त्यापुढे काहीच नाही. एसटीत माझ्या मांडीवर झोपला. येताना हे मला म्हणाले, मंगळवारीच यायला पाहिजे होतं. मी काही बोलले नाही.

शेळीवाल्या दादा, ह्यांनी फावड्यानं पुरलं, हात लावला नाही. पण तुमच्या प्रश्नावरून पोराला विचारलं, पिल्लाला आणखी कोण कोण खेळवत होतं? चार नावं सांगितली. त्यातल्या एकीच्या मनगटावर ओरखडा आहे, तिनं आईला सांगितलंच नव्हतं. आई म्हणते, नुसतं नख लागलंय.

जुनी_नर्स
नख लागलं तरी लस लागते. ओरखडा किंवा फुटलेली कातडी चाटली असेल तरीही. चौघांनाही उद्या सकाळी केंद्रात घेऊन जा. ऐकत नसतील तर आशाताईंना सोबत न्या.

माणदेशची_सून
ती आई माझी जाऊच आहे. आत्ताच जाते.