नववीत गेला म्हणून पेटी बंद?

म्हापशेकर: परवा इथे एका पालकाने लिहिले, "मुलगा नववीत गेला, पेटीचा क्लास बंद केला. खेळाचे गुण मिळतात म्हणून फुटबॉल ठेवला. कलेने पोट भरत नाही." दोन दिवस ते डोक्यातून जात नाही.

माझा मुलगा अडखळत बोलायचा. 'प' आला की गाडी अडायची. हजेरीला "प्रेझेंट" म्हणता येईना, मुले हसत, म्हणून नुसता हात वर करून बसायचा. एका चवथीला (गणेश चतुर्थीला) वाड्यावरच्या आरतीत कुणीतरी त्याच्या पुढ्यात घुमट, म्हणजे मातीचे तालवाद्य, ठेवले. वाजवता वाजवता तो आरती म्हणू लागला. एकदाही अडखळला नाही. गाताना बरेच तोतरे लोक अडखळत नाहीत, हे डॉक्टरांनी नंतर सांगितले. आम्हाला त्या रात्री ते ठाऊक नव्हते, त्याची आई देवासमोर रडत उभी होती. तो बोलताना अजून अडखळतो. पण आता हजेरीला तोंडाने उत्तर देतो, वेळ लागला तरी. याचे गुण कुठल्या मार्कशीटवर लिहायचे?

फोंडेकर: तो पालक मीच. तुमच्या मुलाचे वाचून बरे वाटले, खरेच. आता माझे ऐका. माझा थोरला भाऊ जत्रेच्या नाटकात राजा व्हायचा. अख्खा गाव त्याला डोक्यावर घ्यायचा. तालमीपायी बारावी दोनदा गेली, नाटकवाल्याला मुलगी कोण देणार म्हणून लग्न राहिले. आज पन्नाशीत आहे, आईच्या पेन्शनवर. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकही वीजबिल भरायला आला नाही. हे घरात बघितलेल्या माणसाला कला शिकवू नका.

केरीची लेक: आमच्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. त्यांच्या घरच्यांनी असाच हिशेब केला असता तर?

फोंडेकर: एक केसरबाई दाखवता. रियाज करून घरी बसलेल्यांची नावे कुणी घेत नाही.

केरीची लेक: बरं, ते उदाहरण चुकले. पण पोट भरायलाच सगळे शिकायचे का? चवथीला गणपतीच्या वर रानफळे-फुले बांधून माटोळी सजवतात, तिच्यासाठी आजी मला रानात न्यायची. कवंडळ कुठे, म्हाळुंग कुठे, कुठल्या रंगाशेजारी कुठला रंग बांधायचा, हे तिने दाखवले. मी बँकेत काम करते. बघायला मात्र तिथे शिकले.

साखळीकर: कल्पनाशक्तीचे बोलताय तर दिवाळीच्या पहाटे गोव्यात जाळतो त्या नरकासुराच्या पुतळ्याचे बोला. आम्ही बांबू चिरायचो, गवत भरायचो, मैद्याच्या खळीने वर्तमानपत्रे चिकटवायचो. एक हात जड झाला की अख्खा असुर कलंडायचा, मग रात्री बारा वाजता डोके चालवायचे. आता मुखवटा बाजारातून, सांगाडा वेल्डरकडून. पोरांना काम एकच, वर्गणी मागणे.

पणजीचा काका: आणि नरकासुराच्या रात्रीचा तो डीजे? गेल्या दिवाळीत आईला छातीत दुखत होते. पहाटे तीनला खाली जाऊन हात जोडले. पोरांनी आवाज आणखी वाढवला. मला कलेचे कौतुक सांगू नका.

डिचोलीचा पोर: डीजेचे मान्य, चूकच आहे. पण साखळीकर, तुम्ही आमच्या वाड्यावर कधी पाय ठेवलाय? आमच्या असुराचे डोळे फिरतात, हात वर जातो. भंगारातल्या गाडीची वायपरची मोटर आहे ती, आठवी-नववीच्या पोरांनी बसवलेली. चार वेळा जळली. बांबू तेवढा कल्पना आणि मोटर म्हणजे नक्कल?

साखळीकर: चेहरा विकत आणता ना शेवटी?

डिचोलीचा पोर: हो, आणतो! शाळेत आम्हाला चेहरा करायला कुणी शिकवला?

सत्तरीची बाई: हा बाण मला लागला. मी प्राथमिक शाळेत तीस वर्षे शिकवले. चित्रकलेच्या तासाला फळ्यावर दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी काढायचे आणि "असेच काढा" म्हणायचे. एका मुलीने डोंगर जांभळे केले, मी खोडायला लावले. तिच्या घरामागचे डोंगर संध्याकाळी जांभळेच दिसायचे. मी त्याच रस्त्याने घरी जायचे, तरी मला दिसले नव्हते. फोंडेकर, तुमच्या भावाचे नुकसान नाटकाने केले की नाटक की अभ्यास असे घरात दोन तट पडल्याने, हे तुम्हीच जाणता. मुलाला ती निवड इतक्या लवकर करायला लावू नका.

फोंडेकर: भावाचे तुम्हाला काय माहीत? त्यावर बोलू नका. (थोड्या वेळाने) पेटी विकलेली नाही. कपाटावर आहे. चवथीचे दिवस आरतीला वाजवू दे. क्लासचे मी मान्य केलेले नाही.

म्हापशेकर: माझा काळी दोनमध्ये म्हणतो. तुमचा कुठल्या पट्टीत वाजवतो?

फोंडेकर: काळी एक. पण काळी दोनही वाजवेल. त्याला सांगावे लागत नाही.