मदत हवी आहे : १ लाख ९० हजार किमी पळालेल्या सिव्हिकला टर्बो बसवावा का?

मंडळी, गाडी २००८ ची होंडा सिव्हिक, १.८ पेट्रोल, मॅन्युअल. घरचे म्हणतात विक, मला मात्र टर्बोचं, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवायचं, वेड लागलंय.

परवा सोलापुरात होटगी रोडच्या मेस्त्रीकडे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासलं. चारपैकी तीन सिलिंडर १८० पीएसआयच्या आसपास, तिसऱ्या नंबरचा मात्र १५०. त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं तर १७० वर गेला, म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्यात असं वाटतं. ऑइलही थोडं खाते. मेस्त्री म्हणतो, "बूस्ट (टर्बोचा दाब) कमी ठेवू, काही होत नाही." मला पटेना. या इंजिनचा कॉम्प्रेशन रेशो मुळातच १०.५:१, म्हणजे टर्बोसाठी जास्त, त्यात आपल्याकडचा मे महिना! इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा थंड करणारा) असला तरी सात रस्ता चौकातल्या सिग्नलला उभं राहिल्यावर हवा थंड होणार कशी? नॉकिंग (इंधन अवेळी पेटणं) झालं की पिस्टनच जायचा.

आधी रिंगा-बेअरिंग करून घ्यावं, की चालू टर्बो इंजिनच शोधावं? क्लच जुनाच टिकेल का? ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मॅपिंग करणारा भरवशाचा माणूस सोलापुरात आहे, की पुणंच गाठावं लागेल? आरटीओ आणि विम्याचं कुणी निस्तरलंय का?

स्वतः केलेल्यांनीच सांगा. "नवीन गाडी घे" हे घरी रोज ऐकतोय.